शनिवारची चपाती

आमच्या कुत्रीला गहू चालत नव्हता. आज हे वाक्य लोक सहज ऐकून घेतात. त्या काळी शिरूरात सांगितलं की आधी हसायचे आणि मग माझ्या नवऱ्याची कीव करायचे. आमच्या लहानपणी चपाती सणासुदीला व्हायची, आणि आता हिच्या कुत्र्याला म्हणे ती बाधते! हसणाऱ्यांवर माझा राग नाही. त्यांच्या जागी मीही हसले असते. माझा राग एकाच बाईवर आहे, आमच्या तेव्हाच्या घरमालकिणीवर, आणि लग्नातला शालू जपावा तसा तो मी इतकी वर्षं जपला आहे. अधूनमधून काढते, घडी बदलते, पुन्हा ठेवते.

नव्वदच्या दशकाचा शेवट होता. नवरा पुणे रस्त्यावरच्या एका कारखान्यात लागला होता. शिक्रापुरात खोल्या बघितल्या, पण तिथं एकेका खोलीत चार-चार पोरं राहायची आणि दारावरून सदानकदा ट्रक. म्हणून शिरूरला, बाजारपेठेच्या मागच्या आळीत, एका घराच्या मागच्या दोन खोल्या घेतल्या. पुढच्या भागात मालकीण आणि तिचा एकुलता एक मुलगा. मालक वारलेले. मुलगा पेठेतलं भांड्यांचं दुकान बघायचा. त्याचं लग्न जमत नव्हतं आणि त्या घरात दुसरा विषय नव्हता. मी तिला काकू म्हणायचे. इथं लिहिताना म्हणणार नाही.

त्याच वर्षी माझे वडील आमच्याकडं राहायला आले. आम्ही मूळचे मेंढरंवाले. दौंडकडच्या माळांवर आबांचा जन्म मेंढरांमागं गेला. भावांनी शेती धरली, पण आबांनी कळप सोडला नाही, तो शेवटी त्यांच्या गुडघ्यांनी सोडायला लावला. मेंढरं विकून ते माझ्या दारात आले तेव्हा टॉवेलात एक काळंभोर पिल्लू गुंडाळलेलं होतं. "समदं गेलं," म्हणाले, "येवढी एक ऱ्हाऊ दे माझ्याजवळ. दुसरं मी काय मागत न्हाई." आणि खरंच त्यांनी पुढं कधी काही मागितलं नाही. दिवसभर अंगणात खाटेवर बसायचे आणि ती त्यांच्या पायाशी. तिला नाव असं ठेवलंच नाही, आबा नुसतं "बाये" म्हणून हाक मारायचे.

मालकीण पहिल्याच दिवशी कडाडली. कुत्रं तरी ठेवा, नाहीतर खोली तरी ठेवा. मी हातापाया पडले, नवऱ्यानं समजावलं, काही उपयोग झाला नाही. आबांचा हात पिल्लाच्या पाठीवरून फिरत होता. मग आठवड्याभरात काय झालं कोण जाणे, एका सकाळी ती स्वतःच मागं आली. पिल्लू उचललं, उलटं केलं, पोट बघितलं, चारी पंजे बघितले, शेपटीचं टोक बघितलं. "एक पांढरा केस न्हाई गं हिच्या अंगावर," असं म्हणाली आणि हसली. "असू दे. मुकं जनावर, कुठं जाईल?" मला इतकं भरून आलं की गावाकडनं आलेला खरवस मी आख्खा डबाभर तिला नेऊन दिला. त्या खरवसाचा मला अजून राग येतो.

बाये वर्षाची झाली आणि खाजवायला लागली. आधी पंजे चाटायची, मग पोट, मग कान. काखेतली कातडी लालभडक व्हायची, ओरबाडून रक्त काढायची. पोट सतत बिघडलेलं. आळीत ज्याला त्याला औषध माहीत होतं. करंजाचं तेल लावलं, हळद लावली, कडुनिंबाच्या पाल्यानं आंघोळ घातली, कुणी गंधक सांगितला तोही लावून झाला. पिवळी-काळी झालेली कुत्री आबांच्या पायाशी बसून खाजवत राहायची आणि आबा म्हणायचे, "मेंढरामागं आस्ती तर आसं झालं नस्तं."

शेवटी जनावरांच्या दवाखान्यात नेली. डॉक्टर गाई-म्हशींचे, रांगेत मी एकटी कुत्र्यावाली. त्यांनी कान उघडून बघितला, कातडी बघितली आणि औषधाचं नाव न काढता विचारलं, "खायला काय घालता?" मी मोठ्या अभिमानानं सांगितलं. सकाळी दूध-चपाती, दुपारी उरलेली चपाती, आबांच्या चहाबरोबरचे टोस्ट, बिस्किटं, कधी शेव, कधी खारी. आमच्या घरात कुत्र्याला कमी काही नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "हे सगळं आजपासून बंद. एक धान्य निवडा, एक मांस निवडा. अंग बरं होईपर्यंत त्याच्याशिवाय कणभर काही द्यायचं नाही. मग एकेक पदार्थ वाढवून बघा. ज्यानं पुन्हा उठेल, ते आयुष्यभर बंद."

मी बाजरी निवडली, कारण आबा म्हणाले की हिच्या आईनं, आजीनं दुसरं काही खाल्लंच नव्हतं. बिनमिठाची भाकरी आणि पेठेतल्या खाटिकाकडून आणलेली शेळीच्या मटणाची छाट, नुसत्या पाण्यात शिजवलेली. घरात मटणाचा वास आणि आमच्या ताटात पिठलं. नवरा म्हणायचा, "कुत्री मटण खाते आणि मी कामावरून येऊन हे खातो." पण दोन महिने होत आले तशी कातडी कोरडी पडली, केस उगवले, पोट जाग्यावर आलं. मग एकेक वाढवत गेले. भात चालला. अंडं चाललं. ताकही चाललं. चपातीचा चतकोर घातला आणि दुसऱ्या दिवशी पंजे लाल.

म्हणजे गहू. आणि एकदा गहू म्हटल्यावर कळायला लागलं की तो कुठं कुठं दडून बसलेला असतो. टोस्ट म्हणजे गहू, बिस्किट म्हणजे गहू, शेवया, रवा, खारी, सगळा गहू. मैदासुद्धा गव्हाचाच हे आबांना पटवायला मला फार वेळ लागला. "पांढरा हाय की त्यो," म्हणायचे. नवऱ्यानं हौसेनं पुण्याहून कुत्र्यांच्या खाण्याचं पाकीट आणलं, वर तजेलदार कुत्र्याचं चित्र. मागची बारीक अक्षरं मी उजेडात धरून वाचली, तर त्यातही गहू. पाकीट आळीतल्या बाकीच्या कुत्र्यांना वाटून टाकलं.

मग मी घरोघर सांगून आले. कुणीही हिला गव्हाचं काही घालू नका. मालकिणीला तर समोर बसवून सांगितलं. तिनं माझा हात हातात घेतला. "न्हाई गं बाई," म्हणाली, "आपल्या दारातलं जनावर. मी नजर ठेवते."

तिनं ठेवलीही.

भाकरी आणि मटण चालूच होतं, तरी आजार परत आला. आणि गंमत म्हणजे आठवड्याच्या ठरावीक वारी यायचा. रविवारी संध्याकाळी पंजे चाटणं सुरू, सोमवारी अंग सोलवटलेलं, शुक्रवारपर्यंत कुठं शांत, की रविवारी पुन्हा. कान इतके झटकायची की एका कानात रक्त साकळून तो पुरणाच्या करंजीसारखा फुगला. डॉक्टरांनी चिरला, टाके घातले. पुढं तो कान आक्रसून गेला, कायमचा. मग शौचातून रक्त पडायला लागलं. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "कुणीतरी खायला घालतंय. शोधून काढा. हे असंच चाललं तर ही पावसाळा बघणार नाही." आबांनी ते ऐकलं. त्या दिवशी त्यांनी ताटातली भाकरी मोडली आणि तशीच ठेवून उठले.

मी आबांनाच धरलं. दुसरं कोण असणार? म्हातारा माणूस, चहात बुडवलेला टोस्ट, पायाशी बसून बघणारी कुत्री. मी टोस्टचा डबा कपाटात घालून कुलूप लावलं. आबा म्हणाले, "माझ्या हातानं मी हिला मारीन व्हय गं?" मी म्हणाले, "मुद्दाम नाही हो आबा, लाडानं घालत असाल." त्यांनी बायेच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. माझा विश्वास बसला नाही, आणि तो बसला नाही हे त्यांना दिसलं. तेव्हापासून ते चहा कोराच प्यायला लागले, बरोबर काहीच घेईनात. पोरीनं बापाला चोर ठरवलं, तेही खाऊच्या चोरीत. हेही मी त्या बाईच्याच नावावर मांडलेलं आहे.

शनिवारी आमच्याकडं बाजार. मी सकाळीच पिशव्या घेऊन निघायचे, नवरा कामावर, आणि आबा काठी टेकत मारुतीच्या देवळात. त्या शनिवारी टोमॅटो घेता घेता पिशवीचा बंद तुटला, म्हणून मी अर्ध्या बाजारातून परत फिरले आणि मागच्या बोळातून अंगणात आले. धुण्याच्या दगडापाशी मालकीण उभी होती. न्हालेली, केस ओले, हातात ताटली. ताटलीत चपाती, वरून तेल ओघळतंय. समोर तिचा मुलगा, झोपेतून उठवून आणलेला. तिनं ती चपाती त्याच्या डोक्यावरून उतरवली, काहीतरी पुटपुटली आणि बायेपुढं धरली. बायेनं शेपटी हलवत दोन घासांत गिळली. मालकिणीनं वाकून तिला नमस्कार केला.

"काकू!" मी ओरडले.

ती दचकली, पण लगेच सावरली. मुलाला आत पाठवलं. "अगं, एकच तर चपाती असती आठवड्याला."

"तुम्हाला मी सांगितलं नव्हतं? मरायला टेकलीय ती!"

"सांगितलंस की. सांगितलंस म्हणून तर मला कळलं."

"काय कळलं?"

तिनं आवाज खाली आणला. "लागू पडतंय ते. पोराला साडेसाती हाय गं. गुरुजींनी सांगितलं, शनिवारी काळ्या कुत्र्याला तेल लावून चपाती घाला, पांढरा केस नसलेल्या. घालत होते, पण कशाचा गुण येत नव्हता. मग हिच्या अंगावर उठाय लागलं, आन् पोराला स्थळं यायला लागली. आता जमलंच म्हणून मधी मी घालायचं सोडलं, तर हिला बरं वाटलं, आन् तेवढ्यात एक स्थळ मोडलं. बघ तूच. आता ठरलंय वैशाखात. पोराचं जातंय ते कुठंतरी निघायला नको का?"

मला सगळे सोमवार आठवले. दर सोमवारी ही बाई मागं यायची, बायेजवळ बसायची, पोटाखाली वाकून बघायची. "आज जास्त हाय का गं?" विचारायची. मी म्हणायचे, हो ना काकू, बघा की. तिचा चेहरा निवायचा. मला वाटायचं काय दयाळू बाई आहे. ती माझ्या कुत्रीच्या जखमा बघून पोराच्या लग्नाचा अंदाज घेत होती.

मी वाटेल ते बोलले. इथं लिहिण्यासारखं नाही. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "कुत्रं ठेवू दिलं ते कशापायी, तुला काय वाटलं? जड जात असंल तर दुसरी खोली बघ."

खोली कुठून बघणार? कारखान्यांमुळं सगळीकडं माणसं वाढलेली, त्यात कुत्रं आणि गुडघे गेलेला म्हातारा घेऊन मला कोण दारात उभं करणार होतं! नवरा म्हणाला, "सोड ना, बांधून ठेवू तिला शनिवारची." त्याला काही कळलं नव्हतं. बांधून ठेवली असती तर चपाती टळली असती, पण ती बाई सुखानं जगली असती. मला ते नको होतं. मी आबांपुढं जाऊन बसले आणि सगळं सांगितलं. टोस्टचा डबा कुलपातून काढून त्यांच्या पुढ्यात ठेवला.

आबा संतापतील असं वाटलं होतं. ते बराच वेळ बायेच्या आक्रसलेल्या कानावरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "चूक माझी झाली. हिला शिकवायचंच ऱ्हायलं."

मेंढरांच्या राखणीची कुत्री परक्याच्या हातचं खात नाही. चोर येतात तेव्हा आधी कुत्र्यापुढं मटणाचा तुकडा टाकतात, म्हणून पिल्लू असल्यापासून शिकवतात. परक्यानं काही पुढं केलं की धनी "थू" म्हणतो, तोंड फिरवलं की धनी आपल्या हातानं त्याहून चांगलं देतो. शिकलेल्या कुत्र्यापुढं मग मटणाची परात ठेवा, बघत नाही. बाये पिल्लू असतानाच कळप विकला आणि तिचं शिक्षण राहून गेलं. "आता शिकवतो," आबा म्हणाले. "दोन हात ठिवू, तुझा आन् माझा. बाकी समदं जग परकं."

तोवर शनिवार टाळायला हवे होते. मालकिणीला मी कानात सांगितलं की कुत्री माजावर आलीय, शिवाय पहिल्यांदाच, त्यामुळं सगळं लांबणार. तिनं तोंडाला पदर लावला. विटाळशी कुत्रीच्या तोंडी पोराची साडेसाती कशी द्यायची? ती आपणहून लांब राहिली. मला ते सांगताना अजिबात लाज वाटली नाही, उलट तेवढं सुचलं म्हणून मी स्वतःवर खूश होते.

शिकवायला परका माणूस हवा, तो माझा नवरा झाला. गुरुवारी त्याला सुट्टी असायची. मी त्याच्या हातात भाताचा लाडू द्यायचे, तो बायेपुढं धरायचा, आबा खाटेवरून म्हणायचे "थू", आणि तिनं मान वळवली की मी मटणाचा तुकडा द्यायचे. नवऱ्याची फार चिडचिड व्हायची. "माझ्या पगारावर खाते आणि मलाच थू," म्हणायचा. पण तोही हळूहळू रंगला. मालकिणीसारखं गोड बोलून द्यायला लागला, बांगड्या घालून हात पुढं करायला लागला. बाये हुशार होती. आंबे बाजारात यायच्या आत ती नवऱ्याकडं अशी बघायला लागली की जणू यानं तिची मेंढरं पळवलीत.

मग मी मालकिणीला निरोप दिला की कुत्री मोकळी झालीय.

शनिवारी मी बाजाराला गेले नाही. दाराशी तांदूळ निवडत बसले. ती आली, मुलाला आणलं, चपाती उतरवली, पुढं धरली. बायेनं वास घेतला. आबांनी काही म्हणायची गरज पडली नाही. तिनं मान फिरवली, उठली आणि आबांच्या खाटेखाली जाऊन बसली. मालकीण वाकली, चुचकारलं, खाटेखाली चपाती सरकवली. बायेनं ती नाकानं परत बाहेर ढकलली. तेल लागलेली चपाती धुळीत पडली, आणि मी तांदळातला एकेक खडा मजेत वेचत राहिले.

"का गं खात न्हाई ही?" मालकिणीचा आवाज चिरकला होता.

"मुक्या जनावराला कळतं काकू," मी म्हणाले. "घ्यायचं नसेल तर नाही घेत."

ती पांढरी पडली. उताऱ्याची चपाती कुत्र्यानं नाकारली म्हणजे शनीनंच नाकारली. पुढचे काही शनिवार मी आयुष्यात विसरणार नाही. ती बाई ताटली झाकून आळीआळीत काळं कुत्रं शोधत हिंडायची. पेठेत एक होतं, त्याच्या छातीवर पांढरा डाग. एसटी स्टँडवर एक होतं, त्याचे पुढचे पंजे पांढरे. नदीकडच्या रस्त्याला एक अगदी काळं सापडलं, ते तिच्यावरच धावून आलं. ताटली टाकून ती पळाली, हे मला भाजीवालीनं सांगितलं, आणि मी तिच्याकडून गरज नसताना दोन जुड्या मेथी घेतली.

लग्न तोंडावर आलं. मांडवाचे बांबू येऊन पडले. शेवटच्या शनिवारी मालकीण आमच्या दारात आली. इतक्या दिवसांत खोलीत पाऊल टाकलं नव्हतं, त्या दिवशी आत येऊन खाली बसली. ताटलीवरचा रुमाल काढला.

"तुझ्या हातचं खाती ती," म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं. "तू घाल. मी तुझ्या पाया पडते."

"तिच्या अंगावर उठेल, काकू."

"उठू दे की गं. लग्नापुरतं."

आबांनी माझ्याकडं बघितलं. मी चपाती हातात घेतली. बाये खाटेखालून बाहेर आली. माझा हात होता, त्यामुळं तिला शंका नव्हती. समोर बसली, शेपटी जमिनीवर आपटायला लागली, लाळ गळायला लागली. मी दिलं असतं तर तिनं विषसुद्धा खाल्लं असतं, हे मला त्या क्षणी इतकं लख्ख दिसलं की माझ्या मनात त्या बाईविषयी असेल नसेल तेवढी माया संपली. मालकीण ओठ हलवत जप करत होती. "डोक्यावरून उतरवलीय ना नीट?" मी विचारलं. ती हो म्हणाली.

मी चपातीचा तुकडा मोडला आणि माझ्या तोंडात घातला.

तिला आधी कळलंच नाही. मी दुसरा घास घेतला, तिसरा घेतला. कच्चं तेल हनुवटीवरून गळ्यापर्यंत आलं. आतमध्ये मीठ नव्हतं, घशाखाली उतरत नव्हती, तरी मी सावकाश, चावून चावून, शेवटच्या चतकोरापर्यंत खाल्ली. बाये आशेनं बघत होती, तिला मी मटणाचा तुकडा दिला.

"अगं, अगं, काय केलंस!" ती उठून उभी राहिली. "ती पीडा हाय गं! तुला लागंल!"

"लागू दे की काकू," मी म्हणाले. "पोराचं जातंय ते कुठंतरी निघायला नको का?"

ती भिंतीला टेकली.

"आता माझ्याकडं बघत जा," मी तोंड पुसत म्हणाले. "माझ्या अंगावर उठलं, की समजायचं पोराचं गेलं. नाहीच उठलं, तर मात्र ते अजून त्याच्यापाशीच आहे."

आबा तोंडावर टॉवेल धरून हसत होते. त्यांना मी इतकं हसताना मेंढरं विकल्यापासून बघितलं नव्हतं.

लग्न पार पडलं. मी पुढच्या पंगतीला बसले, जिलबी मागून घेतली. सून चांगली होती, मुलगाही वाईट नव्हता, त्यांच्याशी माझं भांडण नव्हतं. भांडण होतं ते रोज सकाळी दारात उभं राहायचं. मी पाणी भरायला आले की ती माझ्या तोंडाकडं बघायची, हातांकडं बघायची, पायांकडं बघायची. "बरी हाईस ना?" विचारायची, आणि त्या प्रश्नात इतकी आशा असायची. मी म्हणायचे, "एकदम ठणठणीत." तिचा चेहरा पडायचा. दुकानात गिऱ्हाईक कमी आलं की ती मागं यायची. मुलाला ठेच लागली की मागं यायची. सुनेला दिवस राहायला उशीर झाला, तेव्हा तर दिवसातून दोनदा यायची. मी धुणं आपटत गाणी म्हणायचे.

नवरा म्हणायचा, "पुरे आता, म्हातारी झुरायला लागलीय." लोक सांगतात की माफ केलं की मन हलकं होतं. असेल. माझं मन तिचा पडलेला चेहरा बघून हलकं व्हायचं. बायेच्या अंगावर पुन्हा काळाभोर केस आला, ती पुढं कितीतरी वर्षं बाजरीची भाकरी खाऊन जगली, आबांनंतरही जगली. पण आक्रसलेला कान तसाच राहिला, आणि तो जोवर मला रोज दिसत होता तोवर माफीचा प्रश्नच नव्हता.

एका हिवाळ्यात मला सडकून ताप आला. मी तोंडाला पावडर लावली, कुंकू मोठं रेखलं आणि थरथरत्या पायांनी पाण्याच्या रांगेत उभी राहून आळीतल्या बायकांशी हसून बोलले. मालकीण पायरीवरून बघत होती. खोलीत येऊन पडले तेव्हा दातखीळ बसत होती. आबांनी दार लावून घेतलं आणि माझ्या अंगावर दोन घोंगड्या टाकल्या. पुढं दोन-तीन वर्षांनी आम्ही स्वतःचं घर बांधलं आणि ती खोली सोडली. पण तिच्या छपराखाली होते तोवर त्या बाईला मी माझी एक शिंकसुद्धा ऐकू दिली नाही.